‘ऑल्टर इगो’ : आयुष्याचा खेळ की आयुष्याची तोंडी परीक्षा?

ॲक्टिव्हिजन या अमेरिकी कंपनीने १९८६ मध्ये काढलेला ‘ऑल्टर इगो’ हा खेळ गेल्या आठवड्यात ब्राउझरमध्ये पुन्हा एकदा जन्मापासून मरणापर्यंत खेळलो. कॉमोडोर ६४ आणि ॲपल टू यांसारख्या संगणकांच्या जमान्यातला हा खेळ. पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखी जोडलेली छोटी चिन्हे आणि मजकूर, याखेरीज काही नाही. तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत सात टप्पे आहेत आणि चिन्ह निवडले की एक प्रसंग उलगडतो. अनेक प्रसंगांत आधी मनःस्थिती निवडायची असते, मग कृती. खेळाचे कर्ते पीटर फाव्हारो हे मानसशास्त्रज्ञ होते आणि माझा आक्षेप नेमका तिथूनच सुरू होतो.

मी ‘राग’ निवडला आणि कृती मात्र पडते घेण्याची निवडली, तर खेळ लगेच सुनावतो की हे दोन्ही जुळत नाही. अहो, पण आतल्या आत धुमसत असताना पाहुण्यांसमोर हसत चहाचा ट्रे घेऊन येणे, हेच तर निम्म्या संसारांचे वास्तव आहे! ते या खेळाच्या लेखी चूकच ठरते. प्रत्येक प्रसंगानंतर निवेदक कधी पाठ थोपटतो, कधी कान पिळतो आणि त्यानुसार पडद्याआड शारीरिक, सामाजिक, कौटुंबिक अशा गुणांचे आकडे वरखाली होतात. ज्याची उत्तरपत्रिका आधीच कुणीतरी तपासून ठेवली आहे, त्याला आयुष्याचा खेळ म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद १

आक्षेप मांडला आहे छान, पण तो चुकीच्या जागी रोखला आहे. निवाडा न करणारा खेळ कसा असतो, हे पाहायचे असेल तर २०१८ मध्ये आलेला ‘बिटलाइफ’ पाहावा. तोही मजकुराचाच. बटण दाबले की वय एका वर्षाने वाढते, एखाद्या ओळीत आजोबा वारल्याचे कळते आणि पुढच्या ओळीत गाडीची परीक्षा पास झाल्याचे. तिथे चोरी करा, तुरुंगात जा, बायकोला सोडा. कुणी काही बोलत नाही आणि म्हणूनच कशाचे काही वाटतही नाही. (शेवटी एक रिबन मात्र मिळते, म्हणजे निकालपत्र तिथेही आहेच.) ‘ऑल्टर इगो’चा निवेदक टोचून बोलतो, पण तो आपल्याकडे पाहून बोलतो. लहानपणीच्या टप्प्यात अनोळखी माणसाच्या गाडीत बसण्याचा प्रसंग आठवा. तिथे होकार दिला की मूल जिवानिशी जाते आणि आयुष्य तिथेच संपते. मनोरंजनासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत एवढे कठोर पान ठेवायला लेखकाला स्वतःचे मत असावे लागते. मत काढून टाकले, तर त्या पानाचा नुसता धक्का उरेल.

प्रतिसाद २

निवेदकाच्या सुराबद्दल दोघांनीही बरेच लिहिले आहे, परंतु मला त्याहून मोठी अडचण वाटते ती खोक्याची. पुरुषाचे आयुष्य आणि स्त्रीचे आयुष्य या दोन स्वतंत्र आवृत्त्या होत्या आणि त्या वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागत. दोघांच्या वाट्याला येणारे प्रसंग वेगळे असतात हे मान्य करणे त्या काळात प्रामाणिकपणाचेच होते, हे मी नाकारत नाही. पण ज्या घरात एकच खोका आला, त्या घरातल्या मुलाला बहिणीच्या जागी उभे राहून पाहण्याची संधी मिळालीच नाही. दुसऱ्याचे आयुष्य जगून पाहणे हाच ज्या खेळाचा दावा आहे, त्यात ही उणीव किरकोळ नाही. शिवाय दोन्ही खोक्यांतले घर अमेरिकी मध्यमवर्गाचेच आहे. हायस्कूल, कॉलेज, स्वतः जोडीदार शोधणे, मोठ्या खरेद्या. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला ‘मानवी आयुष्य’ असे सरसकट नाव देऊ नये.

धागालेखकाचे उत्तर

प्रतिसाद १ मधला गाडीचा मुद्दा मला मान्य आहे. तो प्रसंग माझ्या युक्तिवादात बसत नाही आणि म्हणूनच बहुधा मी तो मूळ लेखनात टाळला. मात्र तिथे खेळ परिणाम दाखवतो, शेरा मारून थांबत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. माझी तक्रार शेऱ्यांविरुद्ध आहे, परिणामांविरुद्ध नाही. तसेच याच कंपनीने आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, डेव्हिड क्रेन यांचा ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ काढला होता. त्यात संगणकातल्या घरात एक छोटा माणूस राहायला येतो, आपण त्याला खाऊपिऊ घालतो आणि बाकी त्याचे तो बघतो. उपदेशाशिवायही आयुष्य दाखवता येते, हे त्या कंपनीला ठाऊक होते.

प्रतिसाद ३

त्या छोट्या माणसाला म्हातारपण येत नाही, हे आपण विसरलात. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. या खेळात कोणत्याही टप्प्यापासून सुरुवात करता येते, म्हणून मी थेट वार्धक्यच निवडले. सुरुवातीला स्वभाव ठरवण्यासाठी हो-नाही छापाचे प्रश्न येतात, तीही उत्तरे प्रामाणिकपणे दिली. लेखन मला विरळ वाटले. नंतर नातवाबरोबर तान्हेपणाचा टप्पा पाहिला, तेव्हा चकित झालो, कारण बाळाच्या नजरेतून दिसणारे जग तिथे इतक्या बारकाईने लिहिले आहे की नातू हसत होता आणि मी पुन्हा पुन्हा मागच्या ओळी वाचत होतो. त्यामुळे शेरे मारतो म्हणून या निवेदकावर मी रागावणार नाही. माझी तक्रार उलट आहे. बाळाचे कान पिळताना ज्याला इतके सुचत होते, तो माझ्या वयापाशी आल्यावर एवढा सौजन्याने का वागू लागला? मी रागावून पडते घेतले, तेव्हा मलाही दोन शब्द सुनावले असते तर चालले असते.