सबनॉटिका २: डेव्हलपर म्हणतो गेम तयार, पब्लिशर म्हणतो थांबा. हे उलटं कसं काय?

पाणबुडी_पक्या:
नेहमी ऐकतो ते असं की पब्लिशर (गेम बाजारात आणणारी कंपनी) मागे लागतो काढा काढा आणि डेव्हलपर (गेम बनवणारे) बिचारे वेळ मागत असतात. इथे क्राफ्टनने (आपले बीजीएमआयवालेच) जुलै २०२५ मध्ये अननोन वर्ल्ड्सच्या (समुद्राखाली तग धरायचा सबनॉटिका गेम बनवणारा स्टुडिओ) वरच्या तिघांना काढलं, गेम २०२६ वर ढकलला, आणि ते तिघं म्हणाले अर्ली अ‍ॅक्सेससाठी (गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढणं) सगळं रेडी होतं. गेम लवकर आला तर पब्लिशरच्या पोटात का दुखावं?

कोथरूड_कन्सोल:
पैसे रे, दुसरं काय. २०२१ मध्ये क्राफ्टनने स्टुडिओ घेतला तेव्हा ५० कोटी डॉलर दिले आणि वर टार्गेट गाठलं तर आणखी २५ कोटींपर्यंत देऊ असं ठरलं होतं. तो बोनस २०२५ अखेरपर्यंतच्या कमाईवर होता, आता गेमच २०२६ मध्ये आला तर काय होणार तूच लाव हिशोब. अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात त्या तिघांनी हेच मांडलं. क्राफ्टन म्हणालं यांचं कामाकडे लक्ष नव्हतं आणि गेममध्ये अजून माल कमी होता.

सेव्हफाइल_उडाली:
क्राफ्टनचं अगदीच खोटं असेल असं नाही हां. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये रेडी म्हणजे नक्की काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. पहिला सबनॉटिका डिसेंबर २०१४ ला अर्ली अ‍ॅक्सेसला आला आणि पूर्ण झाला जानेवारी २०१८ मध्ये. पण २५ कोटी डॉलर ज्याला द्यायचेत त्यानेच तारीख ठरवायची हे मला तरी पटत नाही, मग हेतू कितीही साफ असू दे.

जुनाट_आरपीजीवाला:
पब्लिशरने घाई करायचा नेहमीचा प्रकार बघायचा तर कोटोर २ (स्टार वॉर्सचा आरपीजी गेम) घ्या, पब्लिशर लुकासआर्ट्सला २००४ चा ख्रिसमस गाठायचा होता म्हणून डेव्हलपर ऑब्सिडियनला शेवटचा भाग अक्षरशः कापावा लागला, ड्रॉइड फॅक्टरी गेली, एक अख्खा ग्रह गेला, नंतर फॅन लोकांनी मॉड (गेममध्ये स्वतः केलेले बदल) करून त्यातलं बरंच परत आणलं आणि आजही कोणी नवीन खेळणारा आला की आधी ते मॉड टाक म्हणून सांगतो आम्ही. आणि टायटनफॉल २ हा शूटर गेम? तो तर चांगला तयार झालेला गेम. पण त्याच्या पब्लिशरने, ईएने, स्वतःचाच दुसरा शूटर बॅटलफील्ड १ काढला २१ ऑक्टोबर २०१६ ला, हा २८ ला, आणि ४ नोव्हेंबरला समोरून कॉल ऑफ ड्युटी. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली, होणारच होती.

पाणबुडी_पक्या:
म्हणजे करारातच तारखेचा शब्द कोणाचा ते लिहून घ्यायला पाहिजे?

कोथरूड_कन्सोल:
लिहून घेतलं तरी स्टुडिओ पब्लिशरचा, पगार त्यांच्या खिशातून, कोर्टात जाईपर्यंत वर्ष निघून जातं. बाय द वे पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये (रिअल क्रिकेटवाले) मोठा हिस्सा २०२५ मध्ये क्राफ्टननेच घेतलाय. तिथलं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे अपडेटची तारीख कोण ठरवतं?