मदत हवी आहे: लिहायला बसलो की सरकारी मराठीच येते, काय करू?

नमस्कार मंडळी. महसूल खात्यात ३२ वर्षं काढली, आधी तलाठी आणि शेवटी मंडळ अधिकारी. निवृत्त झाल्यावर भावकीतले, ओळखीचे लोक सातबारा, वारसनोंद, वाटप असलं काहीबाही विचारायला फोन करतात, तेच तेच किती वेळा सांगायचं म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं आणि गावच्या आणि नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं. सहा लेख झालेत. आता परत वाचतोय तर माझं मलाच वाचवेना.

नमुना देतो, हे वारसनोंदीच्या लेखातलं जसंच्या तसं (फेरफार म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल):

"सदर फेरफार नोंदीबाबत हितसंबंधितांस नोटीस बजावण्यात येऊन विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास नोंद प्रमाणित करण्यात येते."

यात चूक एकही नाही. पण आमच्या वहिनींनी (थोरल्या चुलतभावाच्या मिसेस, शिक्षण दहावी, पण घरातला सगळा व्यवहार त्याच बघतात) दोनदा वाचून विचारलं, "भावोजी, हे सगळं करायचं कुणी? मी जायचं का कुठं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अख्ख्या वाक्यात माणूसच नाही. नोटीस बजावण्यात येते, नोंद करण्यात येते, कोण करतंय तर कुणीच नाही. ऑफिसात आम्हाला हे सोयीचंच असायचं म्हणा, कुणाचं नाव पुढे येत नाही. पण वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं ना, कुणाकडे जायचं आणि कधी.

बरं, मग म्हटलं सोपं करू. तर पुढच्या लेखात भलतंच झालं. मी लिहिलं, "सातबाऱ्यावर नाव म्हणजे जमीन तुमची." वाक्य सुटसुटीत, ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. आठ दिवसांनी नात्यातल्या एका ताईंचा फोन, रडवेल्या झालेल्या. त्यांच्या भावाने माझा तोच लेख त्यांना पाठवून वर लिहिलं होतं, बघ, काकांनीच लिहिलंय, तुझं नाव नाही म्हणजे तुझा हक्क नाही. आता हे साफ चूक आहे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, त्यावरची नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरतात (जमीन महसूल संहिता, कलम १५७), पण मालकीचा तो शेवटचा पुरावा नव्हे. आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, नाव लागलेलं असो नसो. मी दुसऱ्या दिवशी खुलासा टाकला, पण खुलासा कोण वाचतं हो, पहिला लेख अजून फिरतोय.

तेव्हापासून हात आखडलाय. बरोबर लिहायला गेलो की "अन्वये" आणि "उपरोक्त" येतं, सोपं लिहायला गेलो की कायदा वाकडा होतो.

आणखी एक घोळ आहे. माझे वाचक दोन जातीचे. गावाकडच्यांना फेरफार, बोजा, पोटखराब, भोगवटादार वर्ग २ हे सगळं तोंडपाठ, ते अडतात "विहित", "प्राप्त" आणि "हितसंबंधित" वर. पुण्यातल्या भाच्याचं बरोबर उलटं. त्याला "सदर" चालतं, कंपनीत तसलंच वाचतो, पण पोटखराब म्हटल्यावर म्हणाला मामा, हे काय पोटाचं आहे का! पोटखराबचा अर्थ लिहिला तर गावातले हसतात, हा आता आम्हाला पोटखराब शिकवतोय म्हणून, आणि नाही लिहिला तर भाचा आणि त्याच्यासारखे दहा-बारा जण पहिल्या परिच्छेदातच सोडून देतात.

शिवाय केले लिहू की केलं? आमचे एक जुने सहकारी प्रत्येक अनुस्वारावर फोन करतात.

कुणी असं आपलंच लिखाण नंतर बसून दुरुस्त केलंय का? कुठून सुरू करायचं? सहाही लेख परत लिहायची तयारी आहे, वेळच वेळ आहे.

प्रतिसाद १
काका, आधी सगळे लेख फोनमध्ये उघडा आणि "ण्यात ये" एवढंच शोधा. जिथे जिथे सापडेल तिथे थांबून विचारा, कुणी? उत्तर वाक्यात घाला. बाकी काही करू नका आत्ता. मी इन्शुरन्समध्ये आहे, ग्राहकांची पत्रं अशीच सुधारली, निम्मं काम तेवढ्यातच होतं. केले-केलं सोडा हो, एक काहीतरी धरा आणि लेखभर तेच ठेवा.

प्रतिसाद २
मी वकिली करते म्हणून थोडं टोचून लिहिते, राग नसावा. तुमचं ते वाक्य सोपं केल्यामुळे चुकलं नाही, अर्धं लिहिल्यामुळे चुकलं. "सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन तुमचीच असं नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क गेला असंही नाही." यात एक तरी अवघड शब्द आहे का? ज्या वाक्यावरून घरात भांडण होऊ शकतं ते वाक्य पूर्ण लिहायचं, "पण" पुढच्या परिच्छेदात ढकलायचा नाही, कारण लोक स्क्रीनशॉट एकाच वाक्याचा काढतात. जुना लेख खुलाशाने नाही थांबणार, तोच दुरुस्त करून वर तारीख टाकून पुन्हा पाठवा.

प्रतिसाद ३
पोटखराबचं: अर्थ सांगूच नका, हिशोब मांडा. "समजा एकूण १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास ३ एकर. त्यातले १० आर ओढ्यात गेलेत, ते पोटखराब. पिकाला राहिले १ हेक्टर १० आर." भाच्याला अर्थ कळला आणि गाववाल्यांना वाटेल तुम्ही हिशोब सांगताय. शेतकरी माणूस दुसऱ्याच्या जमिनीचा हिशोब कधी सोडत नाही 😄

प्रतिसाद ४
मला सदर आवडतं बुवा. सरकारी माणसाने लिहिलंय असं वाटलं की विश्वास बसतो. अगदी सगळं काढू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ४, तुमच्यासाठी एखादं सदर ठेवतो कोपऱ्यात.

"ण्यात ये" शोधलं, सहा लेखांत मिळून ११४ निघाले. मोजून मलाच लाज वाटली. वकील ताई, राग कसला, ते वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि जुना लेख दुरुस्त करून टाकला, ताईंच्या भावालाही वेगळा पाठवला. त्याचं उत्तर नाही आलं, दोन निळ्या टिक मात्र आल्या.

वरचा नमुना आता असा झालाय:

"वारसाचा अर्ज आला की तलाठी चौकशी करून फेरफार धरतो. मग त्या जमिनीशी ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना तोच नोटीस देतो. कुणाला मान्य नसेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. हरकत आली नाही तर सर्कल कागद तपासून नोंद मंजूर करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नाव लागतं."

एका वाक्याची चार झाली, लांबी वाढली, पण असू दे. सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी हे लिहायचं राहिलं, तेही हिशोबात बसवतो कुठेतरी. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा निर्णय झालाय, पण ते पद लिहिलं तर वहिनी विचारतील हा कोण नवीन, म्हणून एकदाच सांगून पुढे तलाठीच ठेवणार.)

काल संध्याकाळी वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलं. एकदाही थांबवलं नाही त्यांनी. शेवटी म्हणाल्या, "हे १५ दिवस कुठनं मोजायचे?"

नोटीस मिळाल्यापासून. सहापैकी एकाही लेखात लिहिलेलं नाही. आज टाकतो.