'वॉरियर जीन' असला की माणूस हिंसक होतोच का?

भटकी_वही: चुलतभावाने एक रील दाखवलं, एमएओए जीन (त्यालाच 'वॉरियर जीन' म्हणतात) असला की माणूस गुन्हेगार होतो म्हणे. आमचे काका लगेच "खाण तशी माती" म्हणून मोकळे! मला पटलं नाही पण उत्तरही सुचेना. यात खरं किती? आणि मेंदूतच बिघाड असेल तर शिक्षा कशी द्यायची?

पेट्रीडिश: एमएओए जीन तुमच्या-माझ्याकडे पण आहे, रीलवाल्यांनी तिथेच घोळ घातलाय. फरक असतो तो किती काम करतो यात, त्याचं एन्झाइम सेरोटोनिन, डोपामिन वगैरे मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं मोडतं. १९९३ ला ब्रुनर या संशोधकाच्या टीमने नेदरलँड्समधलं एक कुटुंब मांडलं, त्यातल्या काही पुरुषांत हा जीन पूर्ण बंद होता, अचानक अंगावर धावून जाणं, आग लावणं असले प्रकार. पण ती केस अतिदुर्मिळ. 'कमी काम करणारा' प्रकार तर युरोपियन वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत असतो, ते सगळे काय सुरे घेऊन फिरतात?

लिंबूसरबत: +१. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये हजारेक मुलांना जन्मापासून फॉलो केलंय, त्यावरचा २००२ चा पेपर बघा. कमी-काम जीन आणि लहानपणी छळ, दोन्ही असेल तिथे हिंसा जास्त, नुसत्या जीनने विशेष काही नाही. नंतर कुणाला हेच सापडलं, कुणाला नाही. काकांना सांगा, घराण्यात जीनच उतरतात असं नाही, बापाचा पट्टाही उतरतो.

रात्रपाळी: बरं मग चार्ल्स व्हिटमनचं काय? १९६६, टेक्सास, आधी आई आणि बायकोला मारलं मग युनिव्हर्सिटीच्या टॉवरवरून गोळीबार. चिठ्ठीत स्वतःच लिहून ठेवलेलं की माझं पोस्टमॉर्टम करा, डोक्यात काही बिघाड आहे का बघा. आणि निघाला ना ट्यूमर!

पेट्रीडिश: निघाला, पण चौकशी समितीसुद्धा 'हातभार लागला असू शकेल' याच्या पुढे गेली नाही. बाप मारकुटा होता, आणि टॉवरवरून लोकांना गोळ्या घालायचे विचार येतात हे त्याने काही महिने आधी डॉक्टरला सांगितलेलं. ते सोडून सगळे ट्यूमरच धरून बसतात.

वकीलीणबाई: शिक्षेचं सांगते. २००९ ला इटलीत त्रिएस्तेच्या अपील कोर्टाने एका खुन्याची शिक्षा एक वर्षाने कमी केली, कारणांत हाच जीन. मला तो निकाल अजिबात पटत नाही, कारण जीनच दोषी असेल तर सुटल्यावर तो पुन्हा करेल, मग शिक्षा वाढवा असंही कुणी म्हणेल की! आपल्याकडे आयपीसीचं (जुनी दंडसंहिता) कलम ८४, आता बीएनएसचं (नवी भारतीय न्याय संहिता) कलम २२, त्यात मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्या क्षणी कळतच नव्हतं असं दाखवावं लागतं. नुसता स्कॅन किंवा जीन रिपोर्ट नेऊन भागत नाही.