उष्णता घेणार कोण?

'साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, को-जन चालतं (एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही), मग सांगलीतल्या अपार्टमेंटला छोटं युनिट का नको' हा मुद्दा ऐकायला बरा आहे. पण कारखान्याला हंगामभर रात्रंदिवस वाफ लागते, रस आटवायलाच. अपार्टमेंटला गरम पाणी हवं सकाळी दोन तास, आणि त्यासाठी गच्चीवर सोलर असतोच. छोट्या गॅस इंजिनात इंधनाची जेमतेम २५-३० टक्के वीज होते, निम्म्याहून जास्त उष्णता. ती वाया गेली की उरतो नुसता महागडा जनरेटर. जपानात २००९ पासून घरगुती फ्युएल सेलची (गॅसपासून वीज आणि गरम पाणी दोन्ही देणारी) 'एने-फार्म' युनिटं खपली खरी, पण तिथे रोज रात्री टब भरून अंघोळ, वर सरकारी अनुदान!

आपल्याकडे गिऱ्हाईक शोधायचंच तर मिरजेत शोधा. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी आणि ऑपरेशन थिएटरचे हिरवे गाऊन दिवसभर गरम पाण्यातून निघत असतात. फक्त एक बघा, इंजिनाच्या जॅकेटमधून (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याभोवती पाणी फिरतं ते आवरण) पाणी मिळतं ८०-९० अंशांचं. धुण्याला, अंघोळीला झकास. उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला मात्र १२१ अंशांची वाफ लागते, म्हणजे ते काम जॅकेटच्या पाण्यावर भागणार नाही. कोटेशनमध्ये त्या पाण्याच्या जिवावर ही वाफसुद्धा 'बचत' म्हणून धरलेली दिसली तर ती ओळ आधी खोडा आणि मग परताव्याची वर्षं मोजा.