'फ्रीबी'ला मराठीत काय म्हणाल? (खिरापत नको म्हणे)

शब्दवेडी
नमस्कार मंडळी. एका संस्थेसाठी राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा अहवाल मराठीत आणतेय. 'फ्रीबी', म्हणजे सरकारने किंवा पक्षाने लोकांना फुकट दिलेली गोष्ट, हा शब्द त्यात २६ वेळा येतो, मोजलाय. मी डोळे मिटून 'खिरापत' लिहीत गेले. मसुदा वाचायला गेला तो संस्थेच्याच, गावोगाव फिरणाऱ्या एका ताईंकडे. त्यांनी प्रत्येक खिरापतीखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, "मलाही 'लाडकी बहीण'चे महिन्याला १५०० येतात. हे मी बचत गटात वाचून कसं दाखवू?"

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातली खिरापत भोंडल्याची. आई डबा कानाशी धरून खुळखुळवायची, आम्ही पोरी "तिखट की गोड?" करत अंदाज बांधायचो. डबा वाजला नाही की शिरा किंवा श्रीखंड, हे ठरलेलं. त्यात हेटाळणी कुठे आली? तर प्रश्न असा की खिरापतीत मुळात तुच्छता आहे का, आणि असली तर दुसरा शब्द कोणता? 'अनुदान' सुचवू नका. सबसिडी आणि ग्रँट दोघांना तोच एक शब्द आधीच पुरवून झालाय.

जुना कारकून
ताईंचं बरोबर आहे. भोंडल्यात खिरापत ओळखतात, राजकारणात वाटतात. क्रियापद बदललं की गोडी गेली. पदांची खिरापत, भूखंडांची खिरापत, पदव्यांची खिरापत असे मथळे आयुष्यभर वाचले. एकातही कौतुक नव्हतं.

नीरक्षीर
एवढा खल कशाला? 'रेवडी' घ्या. १६ जुलै २०२२ला जालौनमध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधान 'रेवडी कल्चर' म्हणाले, तेव्हापासून मराठी वाहिन्यांवरही तोच शब्द आहे. रुळलाय.

खानदेशी
रुळला की रुळवला? मराठीत रेवडी उडवतात हो, वाटत नाहीत. हिंदीतला आंधळा रेवड्या वाटताना फिरून फिरून आपल्याच माणसांना देतो, त्या म्हणीवरून त्यांना अर्थ लागतो. आमच्याकडे 'सरकारने रेवडी वाटली' म्हटलं तर आमची म्हातारी विचारेल, कुठल्या जत्रेत? जत्रेत गोडीशेव आणि रेवडी पैसे मोजून घ्यावी लागते, कुणी वाटत नाही.

नीरक्षीर
म्हणजे हिंदीतून आलं की बाटलं? मग 'लाडकी बहीण' तरी कुठली? मध्य प्रदेशात २०२३ला 'लाडली बहना' आली, आपल्याकडे २०२४ला. नाव जवळजवळ भाषांतरितच. ते चाललं ना?

खानदेशी
चाललं, कारण लाडकी आणि बहीण दोन्ही शब्द आमच्या घरातले आहेत. शिवाय पहिले पैसे राखीच्या सुमारास आले, त्यामुळे 'ओवाळणी' हा शब्दही आपसूक चिकटला. शब्द असा बसतो.

आजोळ वाई
मूळ शब्दाकडे या. खिरापत म्हणजे खीर आणि पात्र. पात्रात वाटलेली खीर. माझी आजी द्रोणातच द्यायची.

जुना कारकून
आजीच्या द्रोणावरून व्युत्पत्ती ठरत नाही, ताई. मला यात अरबी 'खैरात'चा वास येतो. मधला 'प' कुठून उगवला ते मात्र विचारू नका.

आजोळ वाई
मग तुमच्या वासावरूनही ठरत नाही.

रोजचा प्रवासी
मला 'मोफत' आणि 'फुकट' यांतलं अंतर जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकार जे देतं ते मोफत, शेजारी जे घेतो ते फुकट. 'मोफत शिक्षण' कायद्यात शोभतं, 'फुकट शिक्षण' म्हणून बघा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून तिकीट नाही, बायकांना १७ मार्च २०२३पासून निम्मं. मागच्या आठवड्यात बसमध्ये एक गृहस्थ पुटपुटले, "निम्मी गाडी फुकटी." शेजारच्या आजींनी पिशवीतून आधार कार्ड काढलं, त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाल्या, "फुकटी नाही, पंच्याहत्तरची." गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. आणि कंडक्टरच्या भाषेत तर शब्दच वेगळा: "अर्धी तिकिटं किती?" त्यात ना दान, ना उपकार.

तेव्हा ताई, 'सवलत' का नको?

शब्दवेडी
सवलत म्हणजे किमतीत सूट. हातात रोख १५०० देतात त्याला सवलत कशी म्हणू? अहवालात टीव्ही आहेत, वीज आहे, रोख रक्कमही आहे. सगळ्यांना पुरेल असा एक शब्द हवाय.

अर्थाचा अनर्थ
एक शब्द मिळणार नाही, कारण इंग्रजीतही त्याला नीट व्याख्या नाही. तमिळनाडूत २००६च्या निवडणुकीत रंगीत टीव्हीचं आश्वासन होतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३च्या निकालात न्यायालय म्हणालं की जाहीरनाम्यातलं आश्वासन हा निवडणूक कायद्यातला भ्रष्टाचार ठरत नाही. २०२२ला विषय पुन्हा तिथेच आला, तेव्हाही कल्याणकारी योजना कुठे संपते आणि फ्रीबी कुठे सुरू होते यावरच घोडं अडलं. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम.जी.आर. यांनी १९८२ला शाळेतल्या माध्यान्ह भोजनाची योजना वाढवली तेव्हाही उधळपट्टी म्हणणारे होतेच. आज त्याला कुणी खिरापत म्हणून दाखवावं.

आता गंमत बघा. सेमीकंडक्टरच्या कारखान्यांसाठी केंद्राने २०२१च्या डिसेंबरात ७६,००० कोटींची योजना आणली. ती 'प्रोत्साहन'. खतावर दिलं ते 'अनुदान'. बाईच्या खात्यात गेलं की 'खिरापत'. पैसा एकाच तिजोरीतला, पण घेणारा बदलला की शब्द खाली उतरतो. भाषांतरकाराने या उतरंडीत भर घालू नये.

नीरक्षीर
कारखाना उभा राहिला तर रोजगार मिळतो, कर येतो. १५०० रुपयांतून काय परत येतं? फरक शब्दांत नाही, हेतूत आहे. आणि मूळ लेखकाला टोमणाच मारायचा असेल तर तो गाळायचा अधिकार भाषांतरकाराला कुणी दिला?

शब्दवेडी
हा मुद्दा मला टोचला, कबूल. लेखक चार ठिकाणी खरंच टोमणा मारतोय. बाकी ठिकाणी नुसता हिशेब आहे.

उलटी पट्टी
(माझं नाव बघूनच कळलं असेल कुठून आलोय ते.) शब्दाची लढाई आम्ही कर्जावर लढलोय. 'कर्जमाफी' म्हणायचं नाही, 'कर्जमुक्ती' म्हणायचं, हे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत पहिल्या दिवशी शिकवायचे. माफी गुन्हेगाराला, आम्ही काय गुन्हा केला? सरकारने २०१९च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' घातला, पण पेपरात आजही माफीच छापतात. उद्योगाचं कर्ज बुडालं की बँकेच्या कागदावर ते 'निर्लेखित', म्हणजे राइट-ऑफ, होतं. किती स्वच्छ शब्द! जणू पाटीवरचं पुसलं.

माझ्या वडिलांनी एकदा कांदा बाजार समितीत नेला. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता आडत्याने पट्टी हातात दिली, तीत आम्हीच ४० रुपये देणे निघालो. तिला उलटी पट्टी म्हणतात. सरकारने निर्यातबंदी घालून भाव पाडला की शहराला स्वस्त कांदा मिळतो. ती खिरापत कुणी कुणाला वाटली, तेही अहवालात आहे का?

आजोळ वाई
तोलाई आणि तोलणावळ एकच का? आमच्या आजोबांच्या पेढीवर तोलणावळ म्हणायचे.

उलटी पट्टी
एकच असावं. आमच्याकडे तोलाई.

जुना कारकून
तोलणावळ, दळणावळ, खाणावळ. '-आवळ'वर वेगळा धागा काढा, मी येतो.

रोजचा प्रवासी
'हप्ता'वर कुणीच बोललं नाही. बायका म्हणतात "या महिन्याचा हप्ता आला". आमच्या नाक्यावर हप्ता येत नाही, द्यावा लागतो.

शब्दवेडी
मंडळी, मसुदा काल दिला. टोमण्याच्या चार जागी 'खिरापत' तशीच ठेवली, बाकी ठिकाणी प्रसंगानुसार 'मोफत वस्तू', 'थेट रोख मदत' असं फोडून लिहिलं. ताईंनी आज परत पाठवला. चारांपैकी तीन रेघा तशाच आहेत. चौथी खिरापत आमदारांच्या भत्त्यांबद्दल होती, तिच्यापुढे त्यांनी "ही राहू द्या" लिहिलंय.

आजोळ वाई
क्षीर + पात्र. मी अजून तिथेच आहे.