पीएसपी १००० आहे, २००० घेऊ का? नक्की काय बदललंय?

चौकोन_त्रिकोण:
माझ्याकडे पीएसपीचं (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) पहिलं मॉडेल आहे, १०००, दादाने वापरून मला दिलेलं. आता ओळखीतल्या एकाकडे २००० नुसता पडून आहे आणि तो द्यायला तयार आहे. स्क्रीन दोन्हींची सारखीच दिसते, ४.३ इंच, मग लोक स्लिम स्लिम करत त्याला एवढं डोक्यावर का घेतात? नुसता बारीक केलाय की आत पण काही बदललंय? मी यूएमडीवरच (पीएसपीच्या छोट्या गेम डिस्क) खेळतो, मेमरी स्टिकवर फक्त सेव्ह असतात. ते चालतील ना? शंभरेक तासांचा सेव्ह आहे, तो जाता कामा नये.

हातातलं_जग:
सेव्हची काळजी सोड, ते कन्सोलमध्ये नसतात, स्टिकवर असतात. स्टिक काढ, २००० मध्ये घाल, गेम लाव, पुढे चालू. तरी आधी कॉम्प्युटरला जोडून पीएसपी फोल्डरमधल्या सेव्हडेटाची एक कॉपी काढून ठेवच, इतक्या जुन्या स्टिकचा भरवसा नाही.

आता फरक. स्क्रीनचं रिझोल्युशन तेच, ४८० बाय २७२, प्रोसेसर तोच, त्यामुळे गेम जास्त चांगले दिसतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. वजन मात्र २८० ग्रॅमवरून १८९ वर आलं आणि हे आकड्यात वाचून कळत नाही, आडवं पडून तोंडासमोर धरून तासभर खेळ मग मनगटाला कळतं.

आतला खरा बदल रॅमचा, ३२ एमबीची ६४ झाली. पण गेमना ती जास्तीची रॅम वापरता येत नाही कारण प्रत्येक गेम १००० वर पण चालायलाच हवा होता. मग ती यूएमडीच्या कॅशला लावली, म्हणजे डिस्कवरचा डेटा आधीच वाचून ठेवायचा म्हणजे ऐनवेळी लेझरला डिस्कवर शोधत बसावं लागत नाही. तू यूएमडीवाला आहेस म्हणजे हा बदल तुझ्यासाठीच आहे. प्रत्येक गेममध्ये सारखा फरक पडत नाही, पण जे गेम सारखे सारखे लोडिंगला थांबतात तिथे जाणवतो. स्काइप पण ह्याच रॅममुळे २००० पासून पुढेच आलं, १००० ला कधी मिळालंच नाही.

रात्रीचा_खेळाडू:
वरचं सगळं बरोबर पण मी अजून १००० च वापरतो आणि ठामपणे सांगतो, हात मोठे असतील तर जुनाच पकडीला चांगला, तो जाडपणा हातात भरतो. स्लिम मला खेळण्यातल्यासारखा हलका वाटतो. यूएमडीचं दार पण बघ, जुन्यात खटका सरकवला की ट्रे स्वतः वर येतो, २००० मध्ये दार नखाने उघडायचं आणि डिस्क सरळ आत ठेवायची. जागा वाचली हे मान्य, पण तो खटका मला फार आवडतो.
बाकी बारीकसारीक: वायफायचा स्विच डाव्या बाजूवरून वर गेला, इन्फ्रारेड काढून टाकलं, स्पीकर वर स्क्रीनच्या बाजूला आले. डी-पॅड (दिशेची बटणं) मात्र २००० चा चांगला आहे, फायटिंग गेममध्ये लगेच कळतं.

हातातलं_जग:
टीव्हीचं राहिलं. २००० ला केबल लावून टीव्हीवर बघता येतं, १००० ला ती सोयच नाही. पण गेम फक्त काँपोनंट केबलवर दिसतात, साध्या तीन पिनांच्या कंपोझिटवर व्हिडिओ आणि फोटो तेवढे. आणि गेमचं चित्र मधोमध येतं, चारी बाजूंनी काळी पट्टी. कंपोझिटवर गेम हवे असतील तर २००८ चा ३००० बघ, त्यात माइक पण आहे आणि रंग जास्त खुलतात, फक्त हालत्या चित्रात बारीक आडव्या रेघा दिसतात आणि काहींना त्याचा फार त्रास होतो. मला होतो.

चौकोन_त्रिकोण:
घेतला! लोडिंगचा फरक पहिल्याच गेममध्ये कळला, खूप थँक्स दोघांना. एकच अडचण, ह्याची बॅटरी फुगल्यासारखी दिसतेय, मागचं झाकण नीट बसत नाही. जुन्याची काढून घालू का?

रात्रीचा_खेळाडू:
फुगलेली आधी बाहेर काढ, आत्ताच, आणि चार्ज अजिबात करू नकोस. दाबू नकोस, टोचू नकोस, कचऱ्यात पण टाकू नकोस, ई-कचरा घेतात तिथे दे. माझ्याकडच्या एका डुप्लिकेट बॅटरीने फुगून दारच वाकवलं होतं.
जुन्याची १८०० एमएएचची जाड आहे, २००० ची १२०० ची पातळ. जाड बॅटरी लावून चालू होईल पण झाकण बंद होणार नाही. सेव्ह चालतोय का एवढं बघण्यापुरती लाव, मग १२०० वाली नवीन घे. चार्जर जुनाच चालेल, दोन्ही ५ व्होल्टचे. शिवाय २००० यूएसबीवर पण चार्ज होतो, सेटिंगमध्ये यूएसबी चार्ज चालू करावं लागतं, हळू होतो पण होतो.

चौकोन_त्रिकोण:
काढली. जुनी लावून बघितलं, सेव्ह जसाच्या तसा उघडला.