दिवाळीनंतर तेरेखोलला फ्लाय फिशिंग : भरती बघू की वारा?

शहापूरचा_गळवाला
नमस्कार मंडळी, बेळगावातनं विचारायलोय. नदीवर साध्या गळानं मासे धरायची सवय लहानपणापासनं हाय, आता एट वेटचा (आठ नंबर वजनाच्या लाइनचा) फ्लाय रॉड घेतलाय, म्हणजे फ्लाय, हुकावर पिसं-केस बांधलेलं हलकं नकली आमिष, टाकायची काठी, आणि सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोऱ्याच्या टोकाला लोकर बांधून कास्टिंग करायलोय, पन्नास-साठ फूट सरळ जातंय. दिवाळी झाली की शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत शिरोडा-रेडीला उतरायचं आणि तेरेखोल नदी समुद्राला मिळते त्या मुखाला चोणक, तांबोशी हे मासे बघायचे असं मनात हाय. पण समुद्राचं गणित मला अजिबात कळंना. कोण म्हणतंय पौर्णिमेलाच जा, कोण म्हणतंय उधाणाला पाणी लई ओढतंय जाऊ नको, आणि एक ओळखीचे म्हणाले फ्लायला वाराच सगळं ठरवतो. नेमकं काय बघून दिवस ठरवायचा? घाट उतरून जायचं म्हणजे पहाटे तीनला निघावं लागतंय, सुट्टी एकच, म्हणून नीट विचारून जावं म्हटलं.

खानापूरकर_७४
दादा, सुट्टी ठरवून मग भरती बघू नका, आधी तिथी बघा आणि त्या दिवशी सुट्टी काढा. दोन्ही गोष्टी लागतात, वारा पण आणि पाणी पण, आणि आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही कधी जुळतात ते आधीच काढता येतंय.

वाऱ्याचं आधी सांगतो. फ्लायला स्वतःचं वजन नसतंय, लाइनच तिला घेऊन जाते, त्यामुळं समोरनं वारा आला की पन्नास फुटाचे वीस होतात. नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे मतलई वारा असतो, घाटाकडनं समुद्राकडं, आणि आपला किनारा पश्चिमेला तोंड करून हाय म्हणजे हा वारा बरोबर तुमच्या पाठीवर. उन्ह पण पाठीमागनं येतंय, पोलराइज्ड चष्मा लावला तर गुडघाभर पाण्यातले मासे दिसतात, फक्त आपली सावली पुढं पडते तेवढं सांभाळायचं. दहाच्या सुमाराला हा वारा पडतो आणि दुपारी खारा वारा सुटतो तो वायव्येकडनं. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर हा वारा उजव्या खांद्यावरनं लाइन अंगावर ढकलतो आणि हुक कानात किंवा मानेत जायची खरी भीती असते. म्हणून पहिल्या वेळी सकाळचंच काम धरा.

आता पाणी. कोकणातला जुना हिशेब हाय, तिथीला पाऊण तासानं गुणायचं म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. ढोबळ हाय, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय, टाइड टेबल बघायचंच, पण कॅलेंडर बघून घरबसल्या अंदाज येतो. अष्टमीला भांग असतो, पाणी फार हलत नाही, चढउतार उधाणाच्या निम्म्याच्या आसपास, आणि पाणी हललं नाही तर चोणक तोंड उघडत नाही. पौर्णिमेला उलट, उधाणाला दोन मीटरच्या आसपास पाणी चढतंय-उतरतंय, मुखाला ओढ एवढी असते की फ्लाय खोल जायच्या आत वाहून जाते. माझ्या मते एकादशी ते त्रयोदशी सगळ्यात चांगले दिवस. पाणी चांगलं हलतंय पण वेडं नसतंय, आणि पहाटे चढतं पाणी मिळतंय ते थेट आठ-नऊपर्यंत, म्हणजे मतलई वारा हाय तोवर.

काळीकाठ
मी मूळ कारवारचा, नोकरीला बेळगावात. खानापूरकरांचं बरोबर हाय पण एक गोष्ट राहिली, पाण्याचा रंग. फ्लाय माशाला दिसली पाहिजे, तिला वास नाही की चव नाही. दिवाळीच्या आसपास परतीचा पाऊस घाटावर पडतो, किनाऱ्यावर ऊन असतंय आणि नदी मात्र लाल. कणकुंबी-जांबोटीला जोरात पडला की ते पाणी म्हादईनं मांडवीत जातंय, आंबोलीच्या उतारावर पडला की सावंतवाडी-बांद्याकडनं तेरेखोलला. म्हणून निघायच्या आधी पणजी-वेंगुर्ल्याचं हवामान बघून भागत नाही, घाटावर मागच्या तीन-चार दिवसांत काय पडलं ते बघा, आणि आपल्याला तर ते आपल्या गल्लीतल्या पावसावरनंच कळतंय. नदी गढूळ असली तरी सगळं बुडालं असं नाही. भरतीला समुद्राचं हिरवं पाणी आत घुसतंय आणि गढूळ पाण्याशी त्याची रेघ पडते, स्पष्ट दिसते, त्या रेघेच्या हिरव्या अंगाला फ्लाय टाका. तारली, बोयची पिल्लं तिथंच घोटाळतात आणि मोठे मासे त्यांच्या मागं.

आमच्या कारवारच्या काळी नदीला आणखी एक अडचण, वर कद्रा धरण हाय, पाणी सोडलं की सदाशिवगडाच्या खालचं सगळं गणित बदलतंय. तुम्हाला पुढं मोकळी खाडी बघायची असेल तर कुमट्याजवळ अघनाशिनी बघा, त्या नदीवर धरण नाही, पाणी नुसतं भरती-ओहोटीवर चालतंय, २०२४ मध्ये तिला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) घेतलंय. शिंपल्यांच्या पट्ट्यावरनं पाणी चढतंय तिथं तांबोशी येते.

आणि कळकळीनं सांगतो, रापण (काठावरनं ओढायचं मोठं जाळं) ओढायलेत तिथं अजिबात उभं राहू नका. तो त्यांचा धंदा, आपला छंद. लांबनंच विचारायचं, काका कुठं उभा राहू, ते जागा तर दाखवतातच वर मासे कुठं हायत ते पण सांगतात. मोठी चोणक लागली तर सोडून द्या. चोणक जन्माला नर असते आणि वाढल्यावर मादी होते, म्हणजे मोठी जी असते ती जवळजवळ नक्की मादीच, आणि पावसाळ्यात मुखाजवळ अंडी तीच घालणार. खायला घरी न्यायची तर मधल्या आकाराची न्या.

निपाणी_रील
सामानाचं थोडं सांगतो कारण यात पैसे वाया जातात. लाइन ट्रॉपिकलच, म्हणजे गरम पाण्यासाठी बनवलेली, घ्या. थंड पाण्याची ट्राउटची लाइन आपल्या २८-३० डिग्रीच्या पाण्यात आणि वरच्या उन्हात मऊ पडते, गाईडमधनं (रॉडवरच्या कड्यांमधनं) सरकत नाही, चिकटते. लाटा असतील तिथं वर तरंगणाऱ्या फ्लोटिंगपेक्षा हळूहळू बुडणारी इंटरमीजिएट बरी, लाटेच्या खालनं जाते. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा, नऊ फूट, वीस पाउंड, आणि टोकाला चाळीस पाउंडचा जाड तुकडा लावा कारण चोणकीचं तोंड सॅंडपेपरसारखं खरबरीत आणि कल्ल्याची कड ब्लेडसारखी, बारीक दोरा एका झटक्यात जातो. फ्लाय म्हणाल तर क्लाउझर मिनो आणि डिसीव्हर (दोन्ही छोट्या माशासारखे दिसणारे), हुक एक नंबर ते टू-ऑट (2/0), स्वच्छ पाण्याला पांढरा-ऑलिव्ह, गढूळ पाण्याला काळा किंवा झगझगीत पोपटी. मासा लागला की रॉड वर उचलायची सवय नदीवरची असते ती मोडा, रॉड सरळ ठेवून डाव्या हातानं लाइन खेचूनच हुक बसवायचा.

पाण्यात चालताना पाय उचलू नका, वाळूत घासत चाला. पाकट वाळूत पुरून बसलेलं असतंय, पाय घासत आला की सरकून जातंय, वरनं पडला तर काटा मारतंय. लागलंच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, त्या विषाचा जोर उष्णतेनं कमी होतो, आणि मग दवाखाना गाठायचाच. थर्मासमध्ये चहा नेता तसा एक गरम पाण्याचा पण न्या.

शहापूरचा_गळवाला
मंडळी, एवढं कोणी सांगितलं नव्हतं, मनापासनं आभार. दोन शंका. मी उजव्या हाताचाच हाय, सकाळी काहीच लागलं नाही तर दुपारी करायचं काय, का सरळ परत निघायचं? आणि लाटा किती असणार ते आधी कसं कळायचं?

खानापूरकर_७४
लाटांसाठी इन्कॉइसचा अंदाज बघा, हैदराबादची सरकारी संस्था हाय, लाटांची उंची आणि दिशा देतात. नुसती उंची नको, दोन लाटांमधला वेळ पण बघा, बारा-चौदा सेकंदांच्या लांब लाटा असतील तर समुद्र लांबनं शांत दिसतो आणि काठाला येऊन जोरात फुटतो, अशा दिवशी खडकावर चढायचं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आखाताकडच्या वाऱ्यानं कधीकधी दोन-तीन दिवस वायव्येकडनं समुद्र खवळतो, नोव्हेंबरात ते कमी.

दुपारी परत निघायची गरज नाही. तुम्ही रेडीकडनं येणार म्हणजे खाडीच्या उत्तर काठालाच येणार, तेरेखोल किल्ला त्याच बाजूला हाय, फेरी लागत नाही. किल्ल्याच्या डोंगराच्या आडोशाला खाडीकडं म्हणजे दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की तोच वायव्येचा वारा मागनं येतोय. पलीकडं केरीच्या वाळूवर दुपारी कास्ट करणं अवघड, इकडं चालतंय. पण पायाखालचे दगड शेवाळानं गुळगुळीत हायत, एकटे जाऊ नका.

आणि दिवसाचं म्हणाल तर कार्तिकी एकादशीला घरचे काय मासे धरायला सोडणार नाहीत, आमच्याकडं पण नाही. त्रयोदशी धरा. पूर्ण भरती पावणेदहाच्या आसपास, उजाडायच्या आधीपासनं पाणी चढतं असणार. पहाटे तीनला निघालात तर आंबोलीत धुकं लागतंय, वेळ जातो, त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जाऊन शिरोड्यात मुक्काम करा.

काळीकाठ
त्रयोदशी बरोबर. फक्त आदल्या दिवशी घाटावर पाऊस पडला तर पुढच्या पक्षातली त्रयोदशी धरा, पंधरा दिवसांत पाणी निवळतंय. आणि परत आल्यावर रील, गाईड, हुक सगळं गोड्या पाण्यानं धुवा, त्याच रात्री.